ओली गादी आणि दमट हवा

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काही जण नाक मुरडतील, आणि काही जण, मला खात्री आहे, रेडिओचा आवाज हळूच थोडा वाढवतील. घरातल्या गादीला, कोचाला, आरामखुर्चीवरच्या उशीला लघवी लागते, डाग पडतो आणि मग तो वास काही केल्या जात नाही. तो कसा घालवावा, हा तो विषय. चारचौघांत तो कोणी काढत नाही. पण ज्या घरात लहान मूल आहे किंवा ऐंशीच्या घरातले वडील आहेत, त्या घराला तो रोज सकाळी भेटतो.

मी कॉलेजात शिकवतो खरा, पण रसायनशास्त्र नव्हे. तेव्हा यातले पहिले धडे मला पुस्तकाने दिले नाहीत; ते नाटे येथील आमच्या घरातल्या एका कोचाने दिले. पुस्तके मी नंतर उघडली.

नाटे गाव राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीकाठी. गावाशी यशवंतगड, पलीकडे आंबोळगडचा समुद्र. या पट्ट्यात ज्यांनी एक पावसाळा काढला आहे त्यांना दमट हवा म्हणजे काय हे सांगायला नको. मृग लागला की बरणीतले मीठ पाझरते, आगपेटीच्या काड्या मऊ पडतात, पापड मोडला तरी आवाज होत नाही. पूर्वी आपल्या घरांत बसायला लाकडी बाक, झोपाळा आणि चटई. निजायला घोंगडी, वाकळ, गोधडी. यातले काहीही ओले झाले तर विहिरीवर नेऊन धुता येई. आता मुंबईचा मुलगा मे महिन्यात येतो आणि टेम्पोत घालून कोच घेऊन येतो. आईवडिलांना मऊ बसता यावे ही त्यामागची माया. पण त्या कोचात स्पंज असतो, काथ्या असतो, खाली गोणपाट ठोकलेले असते. तो विहिरीवर नेता येत नाही.

आमच्याकडे असेच झाले. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, मधुमेह. उठून मागीलदारी जाईपर्यंत कधी कधी धीर निघत नसे. मे महिन्यात कोचाला वास नव्हता. निदान आम्हाला आला नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र ओटीवर पाऊल टाकताच तो नाकाला झोंबू लागला. मग आम्ही सगळे उपाय केले, आणि सांगायला लाज वाटते, सगळे चुकीचे केले. फिनेल शिंपडले. डांबरगोळ्या ठेवल्या. उदबत्त्या लावल्या. एका दुपारी मी कढत पाणी ओतून ब्रशाने खसाखसा घासले. आणि शेवटी विहिरीत टाकायची टी. सी. एल. पावडर पाण्यात कालवून तिच्यावर ओतली, तेव्हा डोळ्यांतून पाणी आले, छाती भरून आली आणि सगळे जण खळ्यात पळालो.

या पळापळीत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. अण्णांनी कोचावर बसणे सोडले होते. ते पडवीतल्या कडक बाकावर बसत. संध्याकाळी पाचनंतर पाणी पीत नसत. आलेल्या माणसाशी दोन शब्द बोलायला ओटीवर येत नसत. वास घालवण्याच्या नादात आम्ही माणूसच ओटीवरून घालवला होता.

आता हा वास येतो कुठून ते पाहू.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. तिच्या शंभर भागांत सुमारे पंचाण्णव भाग नुसते पाणी असते. उरलेल्यात मुख्य पदार्थ युरिया; मोठा माणूस दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकतो. हा युरिया म्हणजे तोच बरं का, जो तुम्ही भातखाचरात टाकता. १८२८ साली व्हलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रथम प्रयोगशाळेत तयार केला. पुढे त्याचे कारखाने निघाले आणि तो पोत्यातून आपल्या शेतापर्यंत आला. युरियाचे पोते पावसाळ्यात तोंड उघडे ठेवून बघा. दोन दिवसांत दाणे ओलसर होतात, एकमेकांना चिकटतात, पाणी सुटते. गादीत वाळलेला युरिया नेमके हेच करतो. मे महिन्यात तो कोरडा, गुपचूप बसलेला असतो. जूनमध्ये हवेतले पाणी ओढून घेतो आणि पुन्हा ओला होतो.

ओला झाला की जंतूंचे काम सुरू. हवेत, कापडावर, आपल्या अंगावर असंख्य जंतू असतात. त्यांतल्या कित्येकांजवळ युरिएज नावाचा एक पाचक पदार्थ असतो, तो युरियाचे तुकडे करतो आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. तोच तो झणका. हा युरिएज वनस्पतींतही असतो. आपल्या परसात मांडवावर अबईच्या शेंगा धरतात ना, त्याच जातीच्या एका घेवड्याच्या बियांतून जेम्स समनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ साली युरिएज शुद्ध स्फटिकरूपात वेगळा काढला. असे पाचक पदार्थ प्रथिनांचे असतात हे त्यावरून सिद्ध झाले, आणि १९४६ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. अबईची भाजी खाताना हे आठवायला हरकत नाही.

युरियाखेरीज लघवीत थोडे युरिक आम्ल असते. ते साध्या पाण्यात फार कमी विरघळते. म्हणून वरवर धुतलेल्या गादीत त्याचे बारीक कण मागे राहतात. पिवळा डाग पडतो तो रंगद्रव्यामुळे. तेव्हा पाणी, क्षार, युरिक आम्ल, रंग आणि जंतू, एवढ्यांशी आपली गाठ आहे. उदबत्ती यातल्या कोणालाच हात लावत नाही.

अमोनिया हा अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट स्वभावाचा. आता नाटे काय किंवा साखरी नाटे काय, मासळी निवडणाऱ्या घरात हात धुताना बायका लिंबू चोळतात. का? मासळीचा वासही अमोनियाच्याच भाऊबंदातला. लिंबातले आम्ल त्याला धरते, बांधून ठेवते, मग तो हवेत उडत नाही. जी युक्ती हाताला, तीच गादीला. फक्त लिंबू आणि कोकम गादीवर पिळू नका. कोकमाचा लाल डाग लघवीच्या डागापेक्षा चिवट असतो. त्याऐवजी पांढरे व्हिनेगर, म्हणजे शिरका, वापरावा. ते न मिळाल्यास वाण्याकडचे लिंबूसत्त्व एक चमचा, दोन पेले पाण्यात.

याच न्यायाने राखेचे. जमिनीवर पोराने मुतले की राख टाकायची ही आपली जुनी रीत, आणि सारवलेल्या जमिनीला ती ठीक आहे. राख ओल शोषून घेते. पण राख अल्कधर्मी. जुन्या, मुरलेल्या लघवीवर ती टाकली की अमोनिया बांधला न जाता उलट मोकळा होतो आणि झणका वाढतो. शिवाय कापड काळे होते ते वेगळेच. धुण्याच्या सोड्याचेही तसेच.

बरे, आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. मिळाल्यास कागद-पेन्सिल घ्या.

गादी नुकतीच ओली झाली असेल तर पहिले पाव तास सोन्याचे. जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे चार पदरी फडके घ्या आणि ओल्या जागेवर दाबा. घासू नका. घासले की ओल पसरते आणि आत जाते. फडक्यावर हाताचा, वाटल्यास पायाचा, पूर्ण भार द्या. भिजले की दुसरे घ्या. कडेकडून मध्याकडे या. फडके कोरडे निघू लागले की थंड पाणी शिंपडा, आणि पुन्हा तसेच टिपा. गरम पाणी नको. त्याने वास उफाळतो आणि डाग पक्का बसण्याची भीती असते. मग एक वाटी व्हिनेगरमध्ये एक वाटी पाणी मिसळून ते त्या जागी मुरू द्या, दहा-पंधरा मिनिटे, आणि पुन्हा टिपून घ्या. नंतर वारा लागेल असे ठेवा. जागा वाळली की तिच्यावर खाण्याचा सोडा पसरून रात्रभर राहू द्या आणि सकाळी ब्रशाने झाडून टाका.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र कालवून ओतण्याची एक फॅशन निघाली आहे. फसफस छान दिसते. पण आंबट आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि गादीला मिळते खारे पाणी. दोघांना वेगवेगळ्या वेळी कामाला लावा.

इथे एक चूक हमखास होते. डाग वर बशीएवढा दिसतो म्हणून आपण बशीएवढेच पाणी शिंपडतो. पण मोठ्या माणसाची एका वेळची लघवी पाव ते अर्धा लिटर असते. ती खाली जाता जाता पसरते. वर बशी तर आत परात. औषध तिच्याइतकेच खोल गेले पाहिजे. म्हणून स्पंजाची उशी असेल तर खोळ काढा, खोळ वेगळी धुवा, आणि स्पंज मोठ्या घमेल्यात किंवा पिंपात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून तळहाताने दाबून सोडा, दाबून सोडा. पिळू नका, फाटतो. मग दोन-तीन वेळा साध्या पाण्यातून काढा आणि उभा करून सावलीत वाऱ्याला ठेवा. वाळायला दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तच. अर्धवट वाळलेला स्पंज खोळीत भरला तर वासाच्या जागी बुरशी येते. ही अदलाबदल काही फायद्याची नाही.

कापसाच्या गादीचा मार्ग जुनाच चांगला. खोळ उसवावी, कापूस बाहेर काढून खळ्यात उन्हात पसरावा, फार खराब झालेला टाकून द्यावा, खोळ रिठ्याच्या पाण्यात धुवावी आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन पुन्हा भरावी. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज आता गावात क्वचितच ऐकू येतो, हे खरे. सावरीच्या कापसाच्या उशा असतील तर तेवढा त्रास नाही. तो कापूस मेणचट असतो, पाणी सहसा पीत नाही. खोळ धुऊन भागते.

कोचाची बैठक ठोकलेली असेल तर तो उलटा करून बघा. खालचे गोणपाट एका बाजूने खिळे काढून सोडवा. आमच्या कोचाचे ते सोडवले तेव्हा काथ्या अजून ओला होता. इतके दिवस आम्ही वर घासत होतो आणि वास खालून येत होता. काथ्या नवा भरला. तो काही फार महाग नाही. आतल्या लाकडी पट्ट्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसल्या, चांगल्या वाळू दिल्या आणि त्यांना वॉर्निशचा हात दिला, म्हणजे पुन्हा ओल शोषायला नको.

जुना पिवळा डाग राहिलाच तर औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. बाटलीवर सहा टक्के लिहिले असेल तर तेवढेच पाणी घालून ते तीन टक्के करा. पेलाभर अशा पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा आणि भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-चार थेंब टाकून लगेच डागावर लावा. अर्ध्या तासाने टिपून घ्या. उरलेले ओतून द्या. बुचाच्या बाटलीत भरून ठेवलेत तर आत वायू साचून बाटली फुटेल. याने रंग उडू शकतो, तेव्हा आधी मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून बघा. रेशीम, लोकर, कातडे यांना लावू नका. व्हिनेगर आणि हे औषध एका भांड्यात कधी मिसळू नका.

शहरांत हल्ली पाचक द्रव्यांचे तयार औषधही मिळते, विशेषतः कुत्री-मांजरे पाळणाऱ्यांच्या दुकानात. युरिक आम्ल तोडण्यासाठी ते खरोखर चांगले. पण ते सावकाश काम करते. लावल्यावर कित्येक तास जागा ओलसर राहिली पाहिजे, म्हणून वर प्लॅस्टिक अंथरावे. फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर आधी पडली असेल तर मात्र ते मरून जाते. बोक्याने कोचाच्या कोपऱ्यावर फवारा मारला असेल तर याच औषधाचा आधार घ्यावा. बोक्याच्या मुतात गंधकाची निराळी द्रव्ये असतात. तिथे व्हिनेगर एकटे पुरत नाही.

आता टी. सी. एल. पावडरीविषयी, कारण ती विहिरीसाठी घरोघर येते. लघवीतल्या अमोनियाशी तिचा संयोग झाला की क्लोरामीन नावाचा वायू होतो. आम्ही खळ्यात पळालो ते त्याच्यामुळे. व्हिनेगरशी झाला तर क्लोरीन होतो, तो याहून वाईट. दोन्ही फुप्फुसाला घातक. घरात दम्याचे माणूस असेल तर विचारूच नका. ती पावडर विहिरीची, तिथेच राहू द्या. तसेच पावसाळ्यात गादी वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवू नका. त्या धुराचा विषारी भाग दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही. दार-खिडकी उघडी, विजेचा पंखा चालू, आणि गादी भिंतीपासून हातभर दूर उभी. एवढे पुरे.

हे सगळे ऐकून तुमच्या ध्यानात आले असेल की सारा खेळ वेळेचा आहे. ओले असताना पाव तासात टिपले तर बहुतेक काम फडकेच करते. वाळून मुरले की मग व्हिनेगर आले, पेरॉक्साइड आले, खिळे उपटणे आले. आणि गादी ओली असताना ते ठाऊक कोणाला असते? ज्याच्या हातून झाले त्यालाच. तो बोलला तर पाव तास मिळतो. तो लाजला, भ्याला, वर चादर ओढून गप्प बसला, की गादी गेली. म्हणून ओरडणे, टोमणे मारणे, पाहुण्यांसमोर गोष्ट काढणे हे माणुसकीला सोडून आहेच, पण स्वच्छतेच्या दृष्टीनेही ते महागात पडते.

विशेषतः मुलांच्या बाबतीत. शिक्षक मंडळी ऐकत असतील, त्यांना सांगतो. पाच वर्षांच्या वयाला शंभरातली सुमारे पंधरा मुले झोपेत अंथरूण ओले करतात. ती आळशी नसतात, हट्टी नसतात. झोप गाढ असते, मूत्राशयाचा इशारा मेंदूला पोचत नाही, किंवा रात्री लघवी कमी करणारे शरीरातले द्रव्य अजून पुरेसे तयार होत नसते. आईला किंवा बापाला लहानपणी ही तक्रार असेल तर मुलाला असण्याचा संभव पुष्कळ वाढतो. तेव्हा मारणाऱ्या बापाने आधी आपल्या आईला विचारून यावे. दर वर्षी अशा मुलांतली काही आपोआप बरी होतात. मार खाऊन कोणी बरे होत नाही. ते फक्त ओली चड्डी लपवायला शिकते, तीच घालून शाळेत येते, आणि मग वर्गात शेजारचा पोरगा नाक धरतो.

अशा मुलाला वेगळे बसवू नका. आपल्या कपाटात दोन जुन्या चड्ड्या, एक फ्रॉक आणि साबणाची वडी ठेवा. मूल हळूच येऊन सांगेल असे करा. बालवाडीतली सतरंजी ओली झाली तर तीही वर सांगितल्याप्रमाणे लगेच टिपून, धुऊन टाका. गुंडाळून कोपऱ्यात उभी केलीत तर सोमवारी सगळा वर्ग वासाने भरेल. सहा महिने किंवा त्याहून अधिक कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, त्याला तहान फार लागत असली, ते वाळत चालले असले, किंवा लघवी करताना रडत असले, तर मात्र डॉक्टरकडे पाठवा, त्याच दिवशी. मधुमेह लहान मुलांनाही होतो.

म्हाताऱ्या माणसांचेही डॉक्टरला सांगितले पाहिजे. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, कोणाला साखर असते, कोणाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी दिलेली असते. ती रात्रीऐवजी सकाळी घ्यायला डॉक्टर सांगू शकतात. पण पाणी तोडू नये. पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते, तिचा वास अधिक उग्र येतो, आणि मूत्राशयाला ती टोचू लागल्याने कळ वारंवार येते. अण्णांचे तेच झाले होते. वास कमी व्हावा म्हणून ते पाणी पीत नव्हते आणि त्यामुळे वास वाढत होता.

पुढची तयारी सोपी आहे. कोचाच्या बैठकीवर मेणकापड अंथरा, त्यावर चार पदरी सुती गोधडी. मेणकापड एकटे घालू नका. अंगाला घाम येतो आणि माणूस चिडतो. गोधड्या दोन असाव्यात, एक दोरीवर, एक वापरात. रात्री पलंगाजवळ मूत्रपात्र आणि मंद दिवा.

आमच्या घरी अण्णांशी बोलणी झाली ती माझ्याकडून नव्हे, आईकडून. आपण कोचाच्या हातावर पंचा टाकून ठेवायचा, बाकी काही बोलायचे नाही, असे ठरले. पंचा दिसला की घरातले जे कोणी असेल त्याने फडके घेऊन यायचे, गोधडी बदलायची आणि पावसाच्या गोष्टी करायच्या.

तुमच्या गादीचे काम नीट झाले की नाही हे उन्हात कळणार नाही, हेही लक्षात ठेवा. पावसाची झड लागली असताना, दारे लावलेली असताना, बैठकीला नाक लावून बघा. त्या दिवशी वास आला नाही, तर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना खुशाल तिथे बसवा. आमच्याकडे गेल्या चतुर्थीला कोच ओटीवर होता. त्याच्या हातावर पंचा होता, आणि अण्णा मध्यभागी बसून आरतीला टाळ वाजवत होते.